'गहराई'च्या तळाशी

हिंदी चित्रपटांचा पडता काळ कोणता, असे विचारले तर जाणकार बहुधा १९८० च्या दशकाकडे बोट दाखवितात, आणि ते अगदीच वावगे नाही. १९८२ च्या नोव्हेंबरात दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरदर्शन आले, त्याच सुमारास व्हिडिओ कॅसेटींचा सुळसुळाट झाला आणि सहकुटुंब चित्रपटगृहात जाणारा मध्यमवर्ग हळूहळू घरीच बसू लागला. उरलेल्या प्रेक्षकांसाठी जे निघाले त्यातील पुष्कळसे आज पाहवत नाही. या पडत्या काळातही सर्वांत खालच्या पंक्तीला कोणी बसविला गेला असेल तर तो भयपट. १९४९ चा 'महल', १९५८ चा 'मधुमती', १९६२ चा 'बीस साल बाद' यांनी गूढ आणि भय यांना जी प्रतिष्ठा मिळवून दिली होती, ती पुढच्या पंधरा-वीस वर्षांत पार ओसरली. भयपट म्हणजे रात्रीच्या खेळाला जाऊन हसून यावयाची वस्तू, अशी समजूत झाली.

या समजुतीचे श्रेय म्हणा, अपश्रेय म्हणा, रामसे कुटुंबाकडे जाते. फाळणीनंतर कराचीहून मुंबईस आलेल्या या कुटुंबाचे लॅमिंग्टन रोडवर रेडिओचे दुकान होते. १९७० साली त्यांनी काढलेला 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' हा चित्रपट पडला. परंतु त्यात पृथ्वीराज कपूर मुखवटा घालून चोरी करतात तेवढा एक प्रसंग पाहण्यास लोक पुन्हा पुन्हा येत आहेत, हे रामसे बंधूंच्या ध्यानी आले. त्या निरीक्षणातून १९७२ चा 'दो गज जमीन के नीचे' निघाला, आणि मग 'दरवाजा', 'पुराना मंदिर', 'वीराना' अशी रांगच लागली. आम्ही त्यांची टिंगल करणार नाही. महाबळेश्वरास सगळे कुटुंब नेऊन, कोणी कॅमेरा धरावा, कोणी संकलन करावे, कोणी जेवणाची व्यवस्था पाहावी, अशा घरगुती रीतीने आणि तुटपुंज्या पैशात त्यांनी वर्षानुवर्षे धंदा चालविला, याचे कौतुकच केले पाहिजे. मात्र रामसेंच्या भुताला जुन्या वाड्याशिवाय करमत नसे. ते भूत दूर कोठे तरी असे. तेथे मौजेखातर गेलेल्या तरुणतरुणींनाच ते गाठी. प्रेक्षकाने आपल्या घरात आपल्या माणसांकडे संशयाने पाहावे, असे त्यात काहीही नसे.

या यादीत १९८० सालीच निघालेला एक चित्रपट असा आहे की ज्याचे गोत्र त्या पंक्तीशी जुळत नाही. 'गहराई' हे त्याचे नाव. चार दशकांहून अधिक काळ लोटला. आज नाव घेतले तर दहांतील नऊजण डोके खाजवितात, आणि ज्या एकाला आठवते त्यालाही एवढेच आठवते की, पद्मिनी कोल्हापुरे हिच्या अंगात येते आणि ती पुरुषी आवाजात बोलते. ही आठवण खोटी नाही, पण अपुरी आहे. त्या मुलीच्या तोंडून कोण बोलतो आणि कशाबद्दल बोलतो, हे विसरले गेले. आमच्या मते तो चित्रपट नेमका त्यासाठीच पुन्हा पाहण्याजोगा आहे, आणि किनारपट्टीवरील आपल्यासारख्या वाचकांनी तर अगत्याने पाहण्याजोगा आहे. कारण त्याचा खरा विषय भूत नसून जमीन हा आहे.

चित्रपट हिंदी असला तरी तो घडविणारे हात बहुतांशी मराठी होते. दिग्दर्शन अरुणा राजे आणि विकास देसाई या दांपत्याचे; त्या काळी 'अरुणा-विकास' अशा जोडनावाने ते ओळखले जात. दोघेही पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी. अरुणाबाईंनी तर तेथून संकलनाचे सुवर्णपदक मिळविलेले, आणि तेही अशा काळात की जेव्हा संकलनाच्या टेबलापाशी बाई बसलेली पाहण्याची कोणास सवय नव्हती. १९७६ साली त्यांचा 'शक' येऊन गेला होता. त्यात पतीच्या सचोटीविषयी पत्नीच्या मनात शिरलेला संशय हाच विषय. 'गहराई'च्या लेखनात विजय तेंडुलकर सहभागी होते. मुख्य भूमिकांत डॉ. श्रीराम लागू, इंद्राणी मुखर्जी, अनंत नाग आणि पद्मिनी कोल्हापुरे. यांपैकी अनंत नाग हे आमच्या शेजारच्या कारवारी किनाऱ्यावरच्या सारस्वत कुटुंबातले, तर पद्मिनीचे आजोबा कृष्णराव कोल्हापुरे हे बळवंत संगीत मंडळीतले, म्हणजे मंगेशीच्या दीनानाथ मंगेशकरांच्या वर्तुळातले आणि त्यांच्या नात्यातले. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे. एवढी माणसे एकत्र आली असता चित्रपट विस्मरणात का जावा, याचे कारण पुढे पाहूच. आधी कथा पाहू.

चेन्नबसप्पा हा बंगलोरला स्थायिक झालेला, एका कंपनीत मॅनेजरच्या हुद्द्यावर असलेला गृहस्थ. शिस्तीचा, स्वकष्टाने वर आलेला, देवधर्माच्या फारसा नादी न लागणारा. पत्नी सरोजा सोशिक व श्रद्धाळू, मुलगा नंदीश, मुलगी उमा शाळकरी. गावाकडे वडिलोपार्जित जमीन आहे आणि तिची राखण बसवा नावाचा माणूस वर्षानुवर्षे करीत आला आहे. बसवा त्या जमिनीला आई म्हणतो. चेन्नबसप्पा ती जमीन कारखान्यासाठी विकून टाकतो. व्यवहार कायदेशीर, भाव चोख. बसवाला विचारण्याचा प्रश्नच त्याच्या मनात येत नाही. गावाहून परतल्यावर थोड्याच दिवसांत उमाची वागणूक बिघडू लागते. प्रथम अबोला, मग विक्षिप्तपणा, मग एके दिवशी त्या कोवळ्या मुलीच्या कंठातून दणकट पुरुषी आवाज बाहेर पडतो आणि तो घरच्या कर्त्या पुरुषाला एकेरीत हाक मारतो. डॉक्टर येतात, औषधे होतात, विजेच्या झटक्यांपर्यंत गोष्ट जाते. मग आईच्या आणि भावाच्या आग्रहाने मांत्रिकांची रीघ लागते. आणि तो आवाज एकेक करून जे बोलतो त्यातून असे निघते की, चेन्नबसप्पाने केवळ जमीनच विकलेली नाही. बसवाची बायको चेन्नी हिला त्याने पूर्वी नासविले होते, आणि तिने जीव दिला होता. शेवट काय होतो ते येथे सांगणे योग्य नव्हे. वाचकाने तो स्वतः पाहावा.

याच सुमारास जगभर ज्या चित्रपटाची छाया भयपटांवर पडली होती तो म्हणजे १९७३ चा अमेरिकन 'एक्झॉर्सिस्ट'. तिथेही कोवळी मुलगी, तिथेही परका आवाज, तिथेही आधी डॉक्टर आणि मग धर्मगुरू. त्यावरून 'गहराई' म्हणजे 'एक्झॉर्सिस्ट'ची देशी नक्कल, असा शेरा मारून मोकळे होणे सोपे आहे. पण दोहोंतला फरक मुळातला आहे. अमेरिकन चित्रपटातील सैतान बाहेरून येतो. त्याची पहिली चाहूल इराकमधल्या उत्खननात लागते. त्या मुलीच्या आईने कोणाचे काही बिघडविलेले नसते. 'गहराई'त मात्र जे येते ते घरातूनच आलेले असते. घरच्या प्रमुखाने आपल्या गतायुष्यात जे पुरून टाकले, तेच मुलीच्या गळ्यातून वर येते. पहिल्या चित्रपटात घर हा बळी आहे, दुसऱ्यात घर हाच आरोपी. आमच्या मते येथेच 'गहराई' हे नाव सार्थ होते.

आता जमिनीविषयी. कथा कर्नाटकातली आहे. तेथे १९७४ पासून कूळकायद्याची मोठी सुधारणा अमलात आली आणि पुष्कळ कुळे जमिनीची मालक झाली. महाराष्ट्रात तत्पूर्वी १९५७ चा कृषक दिन होऊन गेला होता. आपल्या गोमंतकात १९६४ चा कूळवहिवाट कायदा, १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा आणि त्यापाठोपाठ कुळांना मालकी देणारी १९७६ ची पाचवी दुरुस्ती, ही सगळी लढाई आमच्या पिढीने प्रत्यक्ष पाहिली किंवा वडीलधाऱ्यांकडून ऐकली. भाटकाराने 'निघ' म्हटले की मुंडकाराने खोपटे मोडून निघावे, हा नियम होता तो त्या कायद्यांनी मोडला. तथापि कायद्याला कागद लागतो. ज्याचे नाव एक-चौदाच्या उताऱ्यावर कुळाच्या रकान्यात आहे त्याचे दैव उघडते. जो नुसताच राखण करतो, माडांना पाणी घालतो, कुंपण सावरतो, चोराच्या मागे धावतो, आणि मालक सणावारी आला तर शहाळे काढून देतो, त्याचे नाव कोणत्याच रकान्यात नसते. बसवा हा अशांपैकी. त्याने चाळीस वर्षे जमीन जपली असेल वा चारशे, विकणाराची सही त्याच्यासाठी थांबत नाही.

अशा माणसाने जावे कोठे? तालुक्याच्या कोर्टात? वकिलाला काय सांगणार? 'साहेब, ती माझी आई होती' ही बाब कोणत्या कलमात बसते? आणि चेन्नीची तक्रार, ती हयात असताना, कोणत्या पोलीस ठाण्याने लिहून घेतली असती? आमच्याकडे असा माणूस देवळात जाऊन गाऱ्हाणे घालतो. कौल लावतो. फार झाले तर सीमेवरच्या राखणदारापुढे, देवचारापुढे रोट आणि विडी ठेवून 'बापडा, तूच बघ' म्हणून सांगतो. आणि मनात विष साठलेच असेल तर कोणा घाड्याकडे जाऊन करणी करून घेतो. या शेवटच्या वाटेचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु जिथे पहिल्या तीन-चार वाटा बंद असतात तिथेच ही पाचवी वाट वहिवाटीची होते, एवढे ध्यानात घेतले पाहिजे. बसवा ती वाट धरतो. 'गहराई'तले भय हे नाकारलेल्या फिर्यादीचे भय आहे. ज्याला दिवाणी कोर्टात उभे राहता येत नाही, तो शेटजीच्या दिवाणखान्यात उभा राहतो.

म्हणूनच या चित्रपटातील भुताला जुना वाडा लागत नाही. बंगलोरचे सुशिक्षित घर, स्वयंपाकघर, मुलीची अभ्यासाची खोली, जेवणाचे टेबल, हेच त्याचे राहण्याचे ठिकाण. कोळिष्टके नाहीत, करकरणारी दारे नाहीत. जे घडते ते घरच्या माणसांच्या चेहऱ्यांवर. सरोजा आधी मुलीच्या काळजीने विव्हळ होते. पण मुलगी जे बोलते ते खरे असेल तर आपण इतकी वर्षे संसार कोणाशी केला, हा दुसरा आणि अधिक भीषण प्रश्न तिच्यापुढे येऊन ठाकतो. इंद्राणी मुखर्जी या अभिनेत्रीचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. ही भूमिका तिची गणना करताना विसरू नये.

डॉ. लागूंविषयी थोडे सविस्तर लिहावे लागेल. नाक-कान-घशाचे शल्यविशारद, पुण्यात आणि पुढे आफ्रिकेत वैद्यकी केलेले, रंगभूमीसाठी ती सोडून आलेले हे गृहस्थ. देवाला रिटायर करावे असे जाहीरपणे लिहिणारे आणि पुढे डॉ. नरेंद्र दाभोलकरांबरोबर गावोगाव विवेकाच्या सभा घेणारे कडवे बुद्धिवादी. त्यांनी करणीच्या चित्रपटात काम करावे, यात कोणास विसंगती दिसेल. आम्हांस उलट दिसते. चेन्नबसप्पा हा नास्तिकपणाचा, आधुनिकतेचा अभिमान बाळगणारा आहे, आणि लागूंनी ती भूमिका त्या माणसाची खिल्ली न उडविता केली आहे. मुलीला मांत्रिकाच्या हाती देण्यास तो नकार देतो तेव्हा तो बरोबरच असतो. आजही कोणी सुजाण बाप तोच नकार देईल, आणि दिलाच पाहिजे. किंबहुना चित्रपटच त्याची बाजू सिद्ध करतो: अमरीश पुरी यांनी रंगविलेला तांत्रिक घरात शिरतो तो मुलीला बरी करण्यासाठी नव्हे, तर तिचा आपल्या अघोरी साधनेसाठी वापर करण्यासाठी. डॉक्टर अपुरे, मांत्रिक घातकी. मग चूक कोठे आहे? चूक अशी की, चेन्नबसप्पाची बुद्धी जगातल्या सर्व गोष्टींची चिकित्सा करते, फक्त स्वतःच्या वर्तनाची करीत नाही. बुद्धिवादाची ही नेमकी कमजोर जागा दाखविण्यास बुद्धिवादी नटच हवा होता. एखाद्या भाविक नटाने हाच माणूस केला असता तर तो खलपुरुष झाला असता. लागूंनी केला म्हणून तो आपला शेजारी झाला.

'गहराई' अंधश्रद्धा वाढवितो काय? हा आक्षेप टाळून पुढे जाता येणार नाही. महाराष्ट्रात १९८९ पासून अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जे काम उभे केले, त्यासाठी डॉ. दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ रोजी प्राण द्यावे लागले, आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. करणीच्या संशयावरून माणसे ठेचून मारली जातात, आणि मारली जाणारी बहुधा गरीब, बहुधा विधवा, बहुधा खालच्या मानलेल्या जातीची असतात, हे ठाऊक असताना करणी खरी ठरविणारा चित्रपट निरागस म्हणता येत नाही. बसवाने करणी केली आणि ती लागू पडली, असे 'गहराई' दाखवितो. त्या अर्थी आक्षेप खरा आहे. पण समितीच्या कार्यकर्त्यांनी भानामतीची प्रकरणे तपासून जो एक धडा वारंवार सांगितला, तो असा की, भानामती करणारा बाहेर शोधू नका, घरात शोधा. घरातील कोणाचे तरी असह्य झालेले, बोलता न येणारे दुःख तिथे फुटते. आश्चर्य असे की 'गहराई' करणीवर विश्वास ठेवूनही शेवटी त्याच दाराशी येऊन थांबतो. कारण घरात आहे, एवढे तो मान्य करतो. रामसेंच्या चित्रपटांनी ते कधीच मान्य केले नाही.

तेंडुलकरांचा विचार केला की या चित्रपटाचे महत्त्व आणखी स्पष्ट होते. त्यांचे 'गिधाडे' १९७० साली लागूंनीच रंगभूमीवर आणले होते. तेव्हा कुटुंबाच्या पोटातील हिंस्रपणा या लेखकाला आणि या नटाला नवा नव्हता. 'गहराई' आला त्याच १९८० साली तेंडुलकरांनी लिहिलेला दुसरा एक हिंदी चित्रपट आला: गोविंद निहलानींचा 'आक्रोश'. तो आजही चित्रपटाच्या अभ्यासक्रमात शिकविला जातो. 'गहराई'चे नाव तेथे कोणी काढीत नाही. वास्तविक दोन्हींतील गुन्हा एकच आहे. एका भूमिहीन माणसाच्या बायकोवर बलदंडांनी हात टाकला आहे. 'आक्रोश'मधील लहान्या भिकू आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे आणि एक शब्द बोलत नाही. त्याचा वकील कासावीस होतो, तरी तो बोलत नाही. ओम पुरींचे ते डोळे ज्यांनी पाहिले ते विसरणार नाहीत. 'गहराई'तला बसवा हा लहान्याचाच भाऊ. फक्त त्याला वाचा फुटली आहे, आणि ती अपराध्याच्या मुलीच्या तोंडी. एकाच लेखणीने एकाच वर्षी मूकपणाची आणि अनावर बोलण्याची अशी दोन टोके गाठली. कोर्टातील मौनाला आपण कला म्हटले, घरातील बोलण्याला भुताटकी म्हणून बाजूला सारले.

अनंत नाग यांच्या बाबतीतही असाच एक धागा आहे. १९७४ च्या 'अंकुर'मध्ये जमीनदाराचा शहरी मुलगा म्हणून गावी जाऊन, मोलकरणीला गरोदर करून, मग तिच्याकडे पाठ फिरविणारा सूर्या त्यांनीच उभा केला होता. सहा वर्षांनी 'गहराई'त ते मुलाच्याच भूमिकेत आहेत. परंतु येथे ते पाप बापाचे, आणि मुलाला ते बहिणीच्या तोंडून ऐकावे लागते. दोन चित्रपट लागोपाठ पाहिले तर असे वाटते की 'अंकुर'मधील सूर्या शहरात परतला, शिकल्यासवरल्या माणसांत बसू लागला, मॅनेजर झाला, मुलाबाळांचा धनी झाला, आणि त्याचेच उतारवय म्हणजे चेन्नबसप्पा.

पद्मिनी कोल्हापुरे त्या वेळी जेमतेम चौदा-पंधरा वर्षांची होती. त्याच साली 'इन्साफ का तराजू'मध्येही तिच्या वाट्याला अत्याचारग्रस्त मुलीची भूमिका आली. पुढे १९८२ च्या 'प्रेमरोग'ने ती घराघरात गेली आणि हे सर्व झाकले गेले. उमाची भूमिका अवघड आहे. परक्या आवाजात ओठ हलविणे कोणीही करील. पण तो आवाज थांबल्यावर डोळ्यांत जी शाळकरी मुलगी परत दिसावी लागते, ती या मुलीने दाखविली आहे. एवढ्या लहान वयाच्या नटीकडून त्या काळच्या चित्रपटसृष्टीने जे जे करून घेतले ते आज कोणाच्याही मनाला पटणार नाही, आणि पटू नये.

येथेच 'गहराई'वरचा आमचा मुख्य आक्षेप येतो. बसवाची बायको नासविली गेली, त्याचा सूड बसवा कोणावर घेतो? चेन्नबसप्पावर नव्हे, त्याच्या मुलीवर. 'आक्रोश'च्या शेवटी लहान्या कुऱ्हाड उगारतो ती कोणावर? गुन्हेगारांवर नव्हे, स्वतःच्या बहिणीवर, तिची तीच गत होऊ नये म्हणून. दोन्हीकडे पुरुषांच्या वैराचे रणांगण म्हणजे बाईचे शरीर. 'आक्रोश'ला त्याची तीव्र जाणीव आहे. तो शेवट अंगावर येतो तो त्यामुळेच. 'गहराई'ला ती जाणीव अर्धवटच आहे असे आम्हांस वाटते. उमाचे हाल तो मनापासून दाखवितो, पण बसवाचा न्याय हाही अन्यायच आहे, हे वाक्य त्याच्या ओठांवर येऊन थांबते. आणि चेन्नी? तिची कथा तिच्या नवऱ्याच्या वतीने, एका मुलीच्या तोंडून, एका आवाजाने सांगितलेली. ती स्वतः बोलतच नाही. आमच्या देवळांत ज्या बायकांवर भार येतो त्या तरी स्वतःच्या तोंडाने बोलतात. एरवी सासूपुढे मान वर न करणारी सून अंगात आल्यावर साऱ्या घराची झाडाझडती घेते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना चेन्नीची ही मुकी अवस्था खटकल्यावाचून राहणार नाही.

विस्मरणाचे कारण आता सांगता येईल. समांतर चित्रपटाचा प्रेक्षक 'गहराई'कडे वळला नाही, कारण त्यात मंत्रतंत्र आणि लिंबू-गुलाल होते. असल्या गोष्टी त्याच्या प्रतिष्ठेत बसणाऱ्या नव्हत्या. भयपटाचा प्रेक्षक वळला नाही, कारण त्यात किळसवाणा राक्षस नव्हता, स्नानाचे प्रसंग नव्हते आणि विनोदी नोकर नव्हता. चित्रपट मधल्यामध्ये लटकला. त्यानंतर १९८४ मध्ये 'पुराना मंदिर' धो धो चालला आणि हिंदीत भयपट म्हणजे काय, याचा निकाल पुढच्या पंधरा वर्षांपुरता लागून गेला. अरुणा-विकास यांनीही तो मार्ग पुन्हा धरला नाही. १९८२ च्या 'सितम'नंतर त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. अरुणाबाईंनी एकटीने १९८८ साली 'रिहाई' काढला, आणि त्यात शहरात गेलेल्या पुरुषांच्या मागे गावात राहिलेल्या बायकांना स्वतःच्या तोंडाने बोलावयास लावले. 'गहराई'त जे राहून गेले ते त्यांच्याही मनात कोठे तरी होते की काय, असा तर्क करण्याचा मोह होतो.

गेल्या काही वर्षांत भयपटाने पुन्हा मातीकडे तोंड वळविले आहे. २०१८ चा 'तुंबाड' कोकणातल्या हावेची गोष्ट सांगतो. त्याच्या मुळाशी नारायण धारप आहेत. २०२२ चा कन्नड 'कांतारा' तर आमच्या किनाऱ्याच्याच दक्षिण टोकाचा: पूर्वजाने दिलेली जमीन वंशजाला परत हवी आहे आणि दैव अंगात आलेला माणूस त्याला जाब विचारतो. तो पाहण्यास चित्रपटगृहांवर गर्दी उसळली, शिट्ट्या वाजल्या, लोक हात जोडून उभे राहिले. 'कांतारा'मधला जाब देव विचारतो, आणि देवाच्या पाठीशी सारे गाव उभे आहे. म्हणून प्रेक्षकालाही गावाच्या बाजूला उभे राहणे सोपे जाते. 'गहराई'त गाव नाही, देव नाही. जाब विचारणारा एकटा आहे, तोही अपराधाने बरबटलेला. आणि प्रेक्षकाची खुर्ची चेन्नबसप्पाच्या दिवाणखान्यात मांडलेली आहे.

आज गोव्यात भाटे विकली जात आहेत. मुंबई-दिल्लीहून येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी कुळागरांच्या जागी वसाहती उठत आहेत. विक्रीखतावर सह्या करणारी पुष्कळशी मंडळी पुण्या-मुंबईत किंवा परदेशांत राहणारी, सुशिक्षित, सभ्य, कोणाचे वाईट न चिंतणारी अशीच आहेत. व्यवहार कायदेशीर असतो. जुन्या राखणदाराच्या, म्हणजे माणसातल्या राखणदाराच्या, हातावर जाताना काही रक्कम ठेवली जाते, ती घेऊन तो कोपऱ्यातल्या दगडावरच्या राखणदारापुढे शेवटची पणती लावतो. पुढे तो दगडही बुलडोझरखाली जातो. या मंडळींनी रात्रीची जेवणे आटोपल्यावर, मुलेबाळे जवळ असताना, 'गहराई' एकदा लावून पाहावा. रामसेंच्या चित्रपटासारखे हसू त्यात येणार नाही. आणि ज्यांना चित्रपट काढावयाचे आहेत त्यांच्यासाठी चेन्नीची गोष्ट अजून तशीच पडून आहे.